जांबुवंतराव धोटे १९८० ला काँग्रेसमध्ये गेले ते चुकलं का? आमच्या घरातला वाद

रेशीमबागेची नात:

दिवाळीच्या साफसफाईपासून आमच्या घरात एक वाद सुरू आहे आणि तो समजून घ्यायला मला जुन्या नागपूरकरांची मदत पाहिजे. माळ्यावरून आजोबांची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात एम्प्रेस मिलचा पास निघाला, लग्नातला एक फोटो निघाला आणि रुपयापेक्षा थोडा मोठा एक बिल्ला निघाला. कडा गंजल्यात, मागची पिन मोडली आहे, पण वरचा सिंह अजून ओळखू येतो. हा कशाचा म्हणून विचारलं तर आजोबा म्हणाले, "भाऊंचा. एकाहत्तरचा." आणि बिल्ला हातात फिरवत बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भाऊ पंजात गेले अन् मी काढून ठेवला."

भाऊ म्हणजे जांबुवंतराव धोटे, वेगळ्या विदर्भासाठी लढलेले नेते. बाबा तिथेच होते. ते म्हणाले, मग काय करायचं होतं त्यांनी, जन्मभर एकट्याने ओरडत बसायचं होतं का? झालं. आजोबा ८४ वर्षांचे, बाबा ५८ चे, आणि दोन दिवस दोघं एका ताटावर बसून एकमेकांशी बोलले नाहीत.

मी इतिहासात एम.ए. करते आहे. आमच्या अभ्यासात वेगळ्या विदर्भाचा विषय येतो तो १९५३ चा नागपूर करार, फजल अली आयोगाने केलेली वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस, १९६० ला मुंबईसोबत झालेलं राज्य इथपर्यंत. पुढे सगळं दोन ओळींत. धोट्यांबद्दल मला जे मिळालं ते असं: १९६२ ला यवतमाळचे आमदार. १९७१ ला नागपूरचे खासदार, पक्ष फॉरवर्ड ब्लॉक, चिन्ह सिंह. १९८० ला पुन्हा नागपूरचेच खासदार, पण आता इंदिरा काँग्रेस. २००२ ला स्वतःचा विदर्भ जनता काँग्रेस पक्ष. २०१७ ला निधन.

मला कळत नाही ते ७१ आणि ८० च्या मधलं. ज्या माणसाने इंदिरालाटेत नागपुरात काँग्रेस पाडली, तोच माणूस नऊ वर्षांनी त्याच गावातून त्याच काँग्रेसचा उमेदवार कसा होतो? आणि ज्यांनी दोन्ही वेळा मत दिलं, त्यांना तेव्हा काय वाटलं? ज्यांनी त्या सभा स्वतः ऐकल्या त्यांनी सांगावं.


जुना माईकवाला, महाल:

बेटा, पहिले तं तो बिल्ला हवेत ठेवू नको. खोबरेल तेलाचा हात लावून कापडात गुंडाळून ठेव. तसे बिल्ले आता कोणाकडे राहिले नाहीत.

मी तुझ्या बाबांपेक्षा मोठा आणि आजोबांपेक्षा लहान आहे, म्हणून दोघांचंही मला थोडं थोडं समजते. १९७१ ला मी सतरा वर्षांचा होतो. आमच्या वडिलांचं महालात लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. लग्न, गणपती, भागवत सप्ताह आणि निवडणूक, यावर घर चालायचं. त्या वर्षी फेब्रुवारीत मी शाळा बुडवून प्रचाराच्या रिक्षावर बसलो. सायकल रिक्षा, एक भोंगा पुढे, एक मागे, मधल्या पाटीवर मोटारीची बॅटरी आणि माझ्या मांडीवर वाल्व्हचा अँप्लिफायर. आजच्यासारखं बटन दाबलं की आवाज, असं नव्हतं. वाल्व्ह तापायला वेळ लागे. बॅटरीतलं तेजाब उडून माझ्या दोन्ही पँटला भोकं पडली होती आणि आई रोज रागावायची.

मत कोणाला द्यायचं हे त्या वयात मला विचारत कोण होतं? पण सिंहाची रिक्षा आली की पोट्टे मागे धावायचे. हंसापुरी, पाचपावली, गोळीबार चौक, तांडापेठ. मागांचा खटखट आवाज चालू असायचा, रिक्षा गल्लीत शिरली की एकेक माग थांबायचा. समोर काँग्रेसचं गाय-वासरू. त्या वर्षी काँग्रेसने अख्ख्या देशात ३५२ जागा घेतल्या, महाराष्ट्रात ४५ पैकी ४२. जे तीन सुटले, त्यात एक आमचं नागपूर. कोकणात राजापूरचे मधू दंडवते आणि इकडे भाऊ. हे आज वाचायला सोपं आहे. तेव्हा बाईंच्या, म्हणजे इंदिराबाईंच्या, विरोधात उभं राहणं म्हणजे पुरात उलटं पोहणं होतं.

आता सभेचं सांगतो, कारण तू तेच विचारलं. चिटणीस पार्कची सभा. रात्री दहानंतर माईक बंद करायचा नियम तेव्हा नव्हता, तो २००० साली आला. सभा नवाची म्हटली की वक्ता अकराला यायचा आणि लोक बसून राहायचे. मिलची दुसरी पाळी सुटली की कामगार डबा हातात घेऊन थेट मैदानात. भिंतीवर माणसं, आजूबाजूच्या गच्चीवर बाया. भाऊ यायच्या आधी चार-पाच जण बोलून जायचे आणि त्यांचं कोणी ऐकत नसे.

आम्हा माईकवाल्यांना माणूस आवाजावरून कळते. बहुतेक पुढारी माईकला चिकटून बोलायचे, आवाज गळ्यातून काढायचे आणि अर्ध्या तासात बसायचे. मग आम्ही आवाजाची खुंटी वर करायची. भाऊंचं उलटं होतं. लांब केस, दाढी, धिप्पाड अंग, माईकपासून हातभर मागे उभे राहायचे आणि आवाज पोटातून यायचा. वडिलांनी मला एकच गोष्ट शिकवून ठेवली होती: ते उठले की खुंटी अर्धी उतरव. पहिल्या सभेत मी उतरवली नाही. भोंग्याच्या युनिटमध्ये पातळ पडदा असते, डायफ्राम म्हणतात, तो दुसऱ्याच वाक्याला फाटला. एक भोंगा गेला. मी घाबरून वडिलांकडे पाहिलं. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही, ते भाषण ऐकत होते. आमचे वडील धंद्याच्या बाबतीत भल्ले कडक माणूस. फाटलेल्या डायफ्रामचे पैसे मजुरीतून कापणारे. त्या रात्री नाही कापले.

भाषणात काय होतं म्हणशील, तर कापूस होता. विदर्भाचा कापूस, विदर्भाचा कोळसा, विदर्भाचं जंगल, आणि हिशेब होता मुंबईचा. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होती, आधी मध्यप्रांत आणि वऱ्हाडची, मग जुन्या मध्यप्रदेशाची. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसांनी ते सचिवालय, ते हायकोर्ट, ते सगळं चालू पाहिलं होतं. त्यांना कोणी इतिहास सांगायची गरज नव्हती. राजधानीचं गाव होतं ते एका सहीने वर्षातून विधिमंडळाच्या एका अधिवेशनाचं गाव झालं. ही जखम नऊ-दहा वर्षांपूर्वी बापूजी अण्यांनीही दाखवली होती आणि नागपूरने १९६२ ला त्यांना अपक्ष म्हणून निवडून दिलं होतं. अणे ऐंशी ओलांडलेले, विद्वान, शांत. तीच जखम भाऊंनी मिलवाल्याच्या आणि विणकराच्या भाषेत दाखवली. दोघंही यवतमाळ जिल्ह्याचे, हे मला नेहमी नवल वाटते. नागपूरला आपलं दुखणं सांगायला माणूस यवतमाळहून आणावा लागला.

सभा संपली की चादर फिरायची. त्यातली चिल्लर आमच्या भाड्यात यायची. मी आणि माझा भाऊ रात्री दीड वाजता दुकानाच्या ओट्यावर बसून पाच-पाच, दहा-दहा पैसे वेगळे करायचो. एका सभेत चादरीत चांदीचं जोडवं सापडलं. एकच. दुसरं त्या बाईने पायात ठेवलं असणार. वडिलांनी ते परत कार्यकर्त्यांच्या हातात नेऊन दिलं.

तुझे आजोबा ज्याबद्दल गप्प बसतात नं, ते हे आहे. ज्याने दहा पैसे टाकले, त्याला वाटायचं की हा खासदार माझा आहे.

आता ८०. त्या निवडणुकीत पण माईक आमचाच होता. ट्रान्झिस्टरचा नवा अँप्लिफायर आला होता, रिक्षाऐवजी जीप होती, भाडं मोजून वेळेवर मिळालं. भाऊंचा आवाज तोच. मी स्वतः खुंटीवर होतो, सांगतो ना, तसूभर कमी नव्हता. लोकही आले, मतंही पडली, निवडून आले. पण चादर नाही फिरली. फिरवायची गरजच नव्हती. मी रात्री भोंगे उतरवत होतो तेव्हा वडील म्हणाले, "आज घरी लवकर जाऊ." एवढंच. ती गोष्ट मला पुढे खूप वर्षांनी समजली.

भाऊ काँग्रेसमध्ये काहून गेले, यावर माझं मत तुझ्या बाबांसारखं आहे. पण ते उद्या लिहितो. डोळे दुखतात.


यवतमाळकर:

माईकवाल्या काकांचं लिखाण वाचून अंगावर काटा आला. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. नागपूरवाले भाऊंची गोष्ट ७१ पासून सुरू करतात. आमच्याकडे ती ६२ पासून सुरू होते आणि खरी ६४ पासून.

१९६४ ला विधानसभेत त्यांनी अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट फेकला. अध्यक्ष होते बाळासाहेब भारदे. सभागृहाने भाऊंचं सदस्यत्वच काढून घेतलं. महाराष्ट्राच्या विधानसभेतून असं काढलेलं त्याआधी कोणी नव्हतं. सभागृहात पेपरवेट फेकणं बरोबर, असं मी आजही म्हणणार नाही, माझे वडीलही म्हणत नव्हते. पण पोटनिवडणूक लागली आणि यवतमाळने त्याच माणसाला पुन्हा तिथेच पाठवलं. माझे वडील तेव्हा पहिल्यांदा मतदानाला गेले. त्यांचं म्हणणं असायचं की आमचा माणूस चुकला असेल, तर त्याला घरी बसवायचा हक्क आमचा, मुंबईचा नाही.

पुढे ते एकूण पाच वेळा आमदार झाले. म्हणून एवढंच म्हणतो, नागपूरने त्यांना खासदार केलं, पण माणूस म्हणून त्यांना उभं केलं ते यवतमाळच्या खेड्यांनी.


अकोल्याहून:

मी वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. आमच्या वऱ्हाडात अनेकांना वाटतं की मुंबईची सत्ता जाऊन नागपूरची आली तर आमच्या बाजारगावाला काय फरक पडणार? त्यामुळे धोट्यांची मुख्य मागणीच मला मान्य नव्हती आणि नाही.

तरी इथे लिहितो आहे, कारण त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब लोक फक्त "राज्य मिळालं की नाही" एवढ्यावर मांडतात आणि मग शून्य लिहून मोकळे होतात. ते खरं नाही. कृषी विद्यापीठ कुठे व्हावं यावरून साठच्या दशकात केवढा भडका उडाला होता. ते पश्चिम महाराष्ट्रात राहुरीला जाणार म्हटल्यावर विदर्भ पेटला, १९६७ ला आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं मेली. त्या आंदोलनाच्या अग्रभागी धोटे होते. शेवटी राहुरीलाही विद्यापीठ झालं आणि २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यातही झालं, पंजाबराव देशमुखांच्या नावाने. माझे वडील कोरडवाहू शेतकऱ्याचे पोर. राहुरीला पाठवायची आजोबांची ऐपत नव्हती. अकोल्यात होतं म्हणून ते बी.एस्सी. ॲग्री झाले आणि त्यामुळे आज मी इथे बसून हे लिहू शकतो आहे.

आमच्या घरात धोट्यांचा फोटो नव्हता, मतही त्यांच्या विचाराला नव्हतं. पण विद्यापीठाच्या फाटकासमोरून जाताना वडील गाडी हळू करायचे.


नंदनवनचा शेजारी:

ताई, मला तुमच्या यादीतलं शेवटचं साल महत्त्वाचं वाटतं, २००२. त्यावर कोणीच बोलत नाही.

२००० च्या नोव्हेंबरात छत्तीसगड, उत्तराखंड (तेव्हा उत्तरांचल) आणि झारखंड झाले. रायपूर आपल्यापासून रेल्वेने काही तासांवर. १९५६ पर्यंत ते आणि आपण एकाच राज्यात होतो. त्यांचं राज्य झालं, आपलं नाही. विदर्भात पुन्हा धग लागली ती त्यामुळे आणि त्यातून विदर्भ जनता काँग्रेस निघाली. त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल २००१ मध्ये, तिकडे के. चंद्रशेखर राव यांनी तेलंगणा राष्ट्र समिती काढली. जवळपास एकाच वेळी निघालेले दोन पक्ष, मागणी एकच. टीआरएसने २००४ ला काँग्रेसशी युती करून विधानसभेत २६ आणि लोकसभेत ५ जागा आणल्या, मग युती मोडली, उपोषण केलं, आणि २ जून २०१४ ला राज्य घेतलं. आपल्याकडचा पक्ष उभाच राहिला नाही.

का? राव पक्ष काढताना पन्नाशीच्या आत होते. धोटे सत्तरीकडे झुकले होते. पण वयापेक्षा मोठं कारण मला वेगळं वाटतं. तेलंगणात विद्यार्थी, वकील, सरकारी नोकर या सगळ्यांना पाणी आणि नोकऱ्यांचा प्रश्न रोज टोचत होता. विदर्भात तोवर जो तो मोठ्या पक्षांत वाटला गेला होता. भाजपवाला म्हणायचा आमचा पक्ष छोट्या राज्यांच्या बाजूने आहे, काँग्रेसवाला म्हणायचा दिल्ली ठरवेल, शिवसेना अखंड महाराष्ट्रावर ठाम. विदर्भ पाहिजे म्हणणारा माणूस प्रत्येक पक्षात होता आणि म्हणून विदर्भाचा म्हणून वेगळा पक्ष कोणालाच नको होता. जो ८० ला स्वतः मोठ्या पक्षात गेला होता, त्याला २००२ ला लोकांना "मोठे पक्ष सोडा" हे सांगणं किती अवघड गेलं असेल, याचा विचार करा.


रेशीमबागेची नात:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर माईकवाल्या काकांचं उत्तर मी आजोबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा वाचलं. चादरीच्या जागी त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "मी चार आणे टाकले होते. चहा बंद केला होता आठवडाभर." हे त्यांनी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, आजीलाही नाही. बाबा तिथेच बसले होते. काही बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

काका, तुम्ही "उद्या लिहितो" म्हणाला होता. बाबा सारखे विचारत आहेत.


जुना माईकवाला, महाल:

तुझ्या बाबांसाठी लिहितो, पण आजोबांनाही वाचून दाखव.

दिल्लीत भाऊ ७१ ला गेले तेव्हा समोर ३५२ जण होते. फॉरवर्ड ब्लॉकचे लोकसभेत सगळे मिळून दोन. वेगळं राज्य चिटणीस पार्कातून मिळत नाही आणि विधानभवनातूनही मिळत नाही. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे राज्य संसद करते. राज्याच्या विधिमंडळाला मत विचारतात, पण ते मत पाळायची सक्ती नाही. म्हणजे किल्ली दिल्लीत. आणि दिल्लीत जिच्या हातात किल्ली होती, तिने १९६६ ला हरियाणा केलं होतं, ७१ ला हिमाचलला राज्याचा दर्जा दिला होता, ७२ ला मेघालय, मणिपूर, त्रिपुरा. एखाद्याला वाटलं की ही बाई देऊ शकते, तर ते वेडेपणाचं नव्हतं.

दुसरी गोष्ट. १९७७ ला देशात काँग्रेस साफ झाली, बाई स्वतः पडल्या. आणि नागपूर? नागपूरने काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून दिले. जी माणसं ७१ ला सिंहाच्या रिक्षामागे धावली, त्यांच्याच घरातून ७७ ला गाय-वासराला मतं पडली. मी त्याच गल्ल्यांतून फिरत होतो, मला माहीत आहे. आणीबाणीचा राग इकडे उत्तरेसारखा नव्हता. ७८ ला काँग्रेस फुटली तेव्हाही विदर्भ बाईंच्या बाजूला राहिला आणि आमचे भंडाऱ्याचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. स्वतः विदर्भवादी माणूस. मग भाऊंनी काय करायचं होतं? त्यांचे मतदार आधीच तिकडे गेले होते. ते त्यांच्या मागे गेले, असं मी मानतो. तुझ्या आजोबांना हे पटणार नाही. ज्याने चहा बंद केला होता त्याला ते पटूही नये.

पण बाई राज्य देतील हा अंदाज चुकला. ८० ला खासदार झाले, विदर्भ नाही मिळाला, आणि त्याच मुद्द्यावर पक्षाशी बिनसलं. ८४ ला नागपुरात काँग्रेसतर्फे बनवारीलाल पुरोहित उभे राहिले आणि निवडून आले. भाऊ बाहेर पडले तेव्हा त्यांच्याजवळ सिंह पण नव्हता आणि पंजा पण नव्हता. फॉरवर्ड ब्लॉकची इकडची फळी तोवर पांगली होती. नंदनवनवाल्या भाऊंनी २००२ चं लिहिलं ते बरोबर आहे, फक्त एक जोडतो. मी त्या पक्षाच्या एका सभेला माईक दिला होता. समोर बसलेले बहुतेक माझ्या वयाचे आणि माझ्यापेक्षा मोठे. माझी मुलं, त्यांचे मित्र, त्यातलं कोणी नाही. आवाज थोडा खरखरीत झाला होता, पण हातभर मागेच उभे राहिले. मी सवयीने खुंटी अर्धी उतरवली आणि मग हळूच वर करावी लागली. मला ते फार लागलं. घरी येऊन मी जेवलो नाही.

माझं एक दुखणं आहे आणि ते मी भाऊंच्या कोणत्याही माणसाला तोंडावर सांगायला तयार आहे. इतकी वर्षं आम्ही त्यांचं भाषण ऐकलं, पण वॉर्डात बसून याद्या पाहणारा, मतदान केंद्रावर दिवसभर थांबणारा, पाच वर्षं कोणाचं रेशनकार्ड, कोणाचं पेन्शन करून देणारा माणूस त्या सभांतून तयार झाला नाही. सभेचा माणूस सभा संपली की घरी जायचा. काँग्रेसचा वॉर्डातला माणूस हरल्यावरही दुसऱ्या दिवशी त्याच पानठेल्यावर दिसायचा. पुढे भाजपचाही तसाच दिसायला लागला. आमच्या वॉर्डात विदर्भवाल्यांचा असा माणूस कोण, म्हणून कोणी विचारलं असतं तर मला नाव सांगता आलं नसतं. आणि ते काम एकट्या भाऊंचं नव्हतं, ते आमचंही होतं. मी भोंगे उतरवून गाडीत टाकले की माझं काम संपलं, असंच मी पण समजलो.

अकोल्याच्या भाऊंनी विद्यापीठाचं लिहिलं, ते वाचून बरं वाटलं. मला ते सुचलंच नव्हतं. आम्ही नागपूरवाले राज्याच्या पलीकडे पाहतच नाही.

शेवटचं सांगतो. १८ फेब्रुवारी २०१७, शनिवार. महापालिकेचं मतदान मंगळवारी होतं, म्हणजे प्रचाराचा शेवटचा जोर. माझ्या मुलाने बारा ऑटो लावले होते, वेगवेगळ्या पक्षांचे. आता ऑटोत बोलणारा माणूस नसते, पेन ड्राइव्ह असते, एकच गाणं दिवसभर. सकाळी चहा घेताना फोन आला, भाऊ पहाटे यवतमाळला गेले. मी खाली आलो. ऑटो रांगेत उभे होते, पोट्टे बॅटऱ्या जोडून राहिले होते, आणि एकाने आवाज तपासायला गाणं सुरू केलं. मी त्याला म्हटलं, बेटा, दहा मिनिटं बंद ठेव. त्याने विचारलं, काय झालं बाबूजी? मी नाव सांगितलं. बावीस वर्षांचा पोरगा, त्याला नाव माहीत नव्हतं. पण त्याने बंद ठेवलं. मग दुसऱ्याने ठेवलं, तिसऱ्याने ठेवलं. बाराही ऑटो दहा मिनिटं गप्प उभे राहिले आणि माझा मुलगा घड्याळ पाहत होता, पण काही बोलला नाही.

त्या फाटलेल्या डायफ्रामचं युनिट माझ्याकडे अजून आहे. आजोबांना चालवत असेल तर त्यांना घेऊन ये. संध्याकाळी पाचनंतर ये, दुपारी मी झोपतो. दुकानाला एक पायरी आहे, पण मी खुर्ची बाहेर ओट्यावर टाकतो, त्यांना चढावं लागणार नाही. बाबांनाही आण. बिल्ल्याची पिन मी बसवून देतो, माझ्याकडे डाग द्यायचं सामान आहे.


रेशीमबागेची नात:

येत्या रविवारी येतो, तिघंही. आजोबांनी आत्ताच विचारलं, बिल्ला सदऱ्याच्या डाव्या बाजूला लावायचा की उजव्या.